आंतरराष्ट्रीय खेळात राजकारण आणि निषेध यांना जागा असावी का?

नेरूळकर
माझं मत आधीच सांगून टाकतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात राजकारण आणू नये. सरकारने नाही, बोर्डाने नाही आणि खेळाडूनेही नाही.

आशिया कपपासून हा विषय डोक्यात घोळतोय. १४ सप्टेंबर २०२५ ला दुबईत आपण पाकिस्तानला हरवलं आणि शेकहँड न करता आत निघून आलो. २८ तारखेला अंतिम सामना जिंकला आणि करंडक घेतलाच नाही, कारण तो द्यायला मोहसीन नक्वी उभे होते. आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष, आणि त्याच वेळी पाकिस्तानचे गृहमंत्रीही. मधल्या सामन्यात त्यांच्या साहिबजादा फरहानने बॅटची बंदूक केली, हारिस रौफने विमान पाडल्याच्या खुणा केल्या. अंतिम सामन्यात तिलक वर्माने नाबाद ६९ काढून हातातून चाललेला सामना खेचून आणला, त्याबद्दल मात्र आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ नव्हती. सगळी चर्चा हातांची आणि करंडकाची.

मग २ नोव्हेंबरला डी. वाय. पाटीलवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला. आपण जिंकलो, आणि आपल्या मुली दक्षिण आफ्रिकेच्या रडणाऱ्या मुलींना जवळ घेत होत्या. त्यांची कर्णधार वोल्व्हार्टच्या शतकाला आमच्या आसपासचे लोक उठून टाळ्या देत होते. मला खेळ असा हवाय. तुम्हाला काय वाटतं?

विनंती: पक्षांची नावं घेऊन धागा भरकटवू नका.

तन्मय_घणसोली
सहमत. धागा भरकटणार नाही याची हमी मात्र कोणी देऊ नये, इथे वडापावचा धागासुद्धा मंत्रिमंडळापर्यंत गेला होता.

वैदेही_वाशी
नेरूळकर, तुमचंच उदाहरण घेते. त्या रात्री मीही स्टेडियममध्ये होते.

समोरच्या संघात अयाबोंगा खाका होती, नॉनकुलुलेको म्लाबा होती. वर्णभेदाच्या काळात त्यांच्या देशात त्यांच्यासारख्या मुलीला गोऱ्यांच्या क्लबच्या फाटकातून आतही घेतलं नसतं, देशाची टोपी तर लांबच. ती व्यवस्था पडली त्याची कारणं अनेक आहेत, पण खेळातला बहिष्कार त्यातलं एक होतं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला दक्षिण आफ्रिकेला येऊ दिलं नाही, १९७० मध्ये ऑलिम्पिक समितीने काढूनच टाकलं. क्रिकेटमध्ये १९७० ते १९९१ ते बाहेर होते. जगाने तेव्हा "खेळात राजकारण नको" म्हटलं असतं तर तुम्हाला आवडलेला हा सामना असा झालाच नसता.

जे राजकारण जुनं झालं, जिंकलं आणि सगळ्यांना पटलं, ते आपल्याला राजकारण वाटेनासं होतं. एवढाच फरक आहे.

अरुणकाका_नौपाडा
वैदेही, शाब्बास. त्यात थोडी भर घालतो, कारण तो काळ मी पाहिलाय.

दक्षिण आफ्रिकेच्या वंशभेदाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत पहिल्यांदा नेला तो भारताने, १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी. त्यामुळे १९७४ च्या डेव्हिस कपला जे झालं ते अचानक झालं नव्हतं. कोलकात्यात आपण ऑस्ट्रेलियाला हरवलं, पुढे सोव्हिएत संघाला हरवलं आणि इतिहासात दुसऱ्यांदा अंतिम फेरीत पोचलो. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. समोर आला दक्षिण आफ्रिका. सरकारने खेळायचं नाही असं ठरवलं आणि करंडक न खेळता त्यांना गेला. आम्ही तेव्हा तलावपाळीच्या कट्ट्यावर यावर भांडायचो. माझा थोरला भाऊ म्हणायचा, खेळून हरवा ना त्यांना, तीच खरी चपराक. मला तेव्हाही सरकारचं पटलं होतं, आजही पटतं. पण एक गोष्ट विसरू नका, डेव्हिस कप आपण अजूनपर्यंत एकदाही जिंकलेलो नाही. किंमत मोजलीच आपण.

त्यांच्याकडच्या चांगल्या खेळाडूंनीही मोजली. बॅरी रिचर्ड्सला चारच कसोटी मिळाल्या, ५०८ धावा, सरासरी बहात्तरच्या वर. संपलं करिअर. १९७१ मध्ये केपटाऊनला तो, ग्रॅहम पोलॉक, माइक प्रॉक्टर आणि बरोबरीचे खेळाडू एक चेंडू टाकून मैदानाबाहेर चालत गेले. निवड वर्णावर नाही, गुणवत्तेवर व्हावी एवढं त्यांचं मागणं होतं. नेरूळकर, तुमच्या नियमात हे बसत नाही. मग ते चुकले असं म्हणायचं का?

कोपरीचा_आनंद
काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोधात लिहितो.

बहिष्काराची गोष्ट दक्षिण आफ्रिकेपाशी थांबवली की छान वाटते, पुढे वाचली की वाटत नाही. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या म्हणून अमेरिकेने १९८० चं मॉस्को ऑलिम्पिक सोडलं. फौजा बाहेर पडायला १९८९ उजाडलं. चार वर्षांनी सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिस सोडून परतफेड केली. यातून कोणाचं काय भलं झालं? आयुष्यभर एकाच स्पर्धेसाठी घाम गाळलेले हजारो खेळाडू घरी बसले. आपलं हॉकीचं शेवटचं सुवर्ण मॉस्कोचंच. स्पेनला ४-३ हरवलं, पण पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आलेच नव्हते. कर्णधार भास्करनच्या संघाचा काय दोष? तरी ते पदक आजही लोक "हो, पण" लावूनच मोजतात.

१९८६ चं एडिंबरा राष्ट्रकुल कोणाला आठवतं का? ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लावेनात म्हणून ५९ पैकी ३२ देश गेले नाहीत, त्यात आपण होतो. कारण योग्यच होतं. पण ज्या मुलामुलींचं ते भरात असण्याचं एकच वर्ष होतं, त्यांना कोणी विचारलं होतं का? मंत्र्याला पुढच्या निवडणुकीत परत संधी मिळते. धावपटूची मांडी चार वर्षं थांबत नाही.

अपर्णा_ऐरोली
आनंद, तुझा मुद्दा बहिष्काराबद्दल आहे, तो मला पटतो. पण धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची भेळ झालीये. सरकार खेळाडूला घरी बसवतं ही एक. खेळाडू स्वतःच्या मनाने काही करतो ही दुसरी.

दुसरीचं सगळ्यात मोठं उदाहरण १९६८, मेक्सिको. २०० मीटरमध्ये टॉमी स्मिथ पहिला, जागतिक विक्रमासह १९.८३ सेकंद. जॉन कार्लोस तिसरा. पदकं घेताना दोघांच्या पायात बूट नाहीत, काळे मोजे, काळा हातमोजा घातलेली मूठ वर. अमेरिकेतल्या काळ्या लोकांसाठी. त्यांना संघातून काढून घरी पाठवलं. हे ज्यांनी घडवून आणलं ते ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज १९३६ साली अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीचे प्रमुख होते, आणि बर्लिनला संघ पाठवायला विरोध करणाऱ्यांना तेव्हाही हेच सांगत होते की खेळात राजकारण नको. त्या बर्लिनमध्ये विजेते नाझी सलाम ठोकत होते, त्यावर त्यांची तक्रार नव्हती. म्हणजे सरकारी सलाम चालतो, माणसाची मूठ चालत नाही.

मला मात्र दुसऱ्या क्रमांकावर उभा असलेला पीटर नॉर्मन जास्त जवळचा वाटतो. गोरा ऑस्ट्रेलियन. त्याने मूठ वर केली नाही, फक्त त्या दोघांच्या चळवळीचा बिल्ला छातीवर लावला. मायदेशी त्याला ते बरंच महागात पडलं. तो २००६ मध्ये गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस त्याला खांदा द्यायला ऑस्ट्रेलियात गेले. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली. माणूस गेल्यावर सहा वर्षांनी.

सानपाडा_सुहास
सगळे परदेशात फिरून आलात, आता घरी या.

माझे मामा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीला रेल्वेत ड्युटीवर होते. ते वाचले. त्यांच्या शेजारच्या खिडकीवरचे सहकारी वाचले नाहीत. त्यानंतर किती वर्षं मामा घरात फटाका वाजू देत नव्हते. पहलगामला २२ एप्रिलला माणसं नाव-धर्म विचारून मारली, त्यात आपल्या शेजारच्या डोंबिवलीचे लोक होते. आणि पाच महिन्यांनी मी टीव्हीसमोर बसून खिलाडूवृत्तीचं कौतुक करायचं? सूर्यकुमारने हात मिळवला नाही, विजय सैन्याला अर्पण केला, मला बरं वाटलं. त्याला दंड झाला तर झाला. हे राजकारण नाही, हे दुःख आहे.

खाडीकाठ
सुहास, दुःखाबद्दल एक शब्दही वाद नाही. पण मग सामना का खेळलो? दुःख एवढं होतं तर दुबईला जायलाच नको होतं. २०१२-१३ नंतर आपण त्यांच्याशी द्विपक्षीय मालिका खेळलेलो नाही, ती भूमिका मला समजते. जाहिरातींचे पैसे घ्यायचे, प्रक्षेपण करायचं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत खेळाडूंकडून देशभक्ती करून घ्यायची, हे मला झेपत नाही. निर्णय वरच्यांचा, आणि कॅमेऱ्यासमोर सूर्या.

सानपाडा_सुहास
खेळायला नकोच होतं, यावर माझी सही घ्या. पण खेळायचं ठरलंच होतं, तर जे केलं ते बरोबर केलं.

अरुणकाका_नौपाडा
१९९१ ला पाकिस्तानचा दौरा होऊ नये म्हणून वानखेडेची खेळपट्टी खणली गेली. धागाकर्त्याच्या विनंतीला मान देऊन कोणी खणली ते लिहीत नाही, ठाण्यात ते कोणाला सांगायला लागत नाही. १९९९ ला दिल्लीत कोटलाची खणली. आणि त्याच महिन्यात, ३१ जानेवारीला चेन्नईत सचिनने पाठीच्या दुखण्यात १३६ काढूनही आपण १२ धावांनी हरलो, तर प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. त्यांनी मैदानाला विजयी फेरी मारली. देश एकच, महिना एकच. मे मध्ये कारगिल सुरू झालं.

कुठला भारत खरा असं मला विचारू नका. दोन्ही मी पाहिलेत.

तन्मय_घणसोली
२००८ चीच दुसरी आठवण. हल्ल्यानंतर इंग्लंडचा संघ परत गेला होता, आणि तरी कसोट्या खेळायला पुन्हा आला. चेन्नईत ३८७ चा पाठलाग, सचिन नाबाद १०३, आणि ते शतक त्याने मुंबईच्या लोकांना दिलं. नियम कडक लावला तर तेही "खेळाबाहेरचं" झालं. त्याला कोणी दंड केला नाही, आणि करूही नये.

मैदानकोच
मी ठाण्यात मुलांना क्रिकेट शिकवतो. इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही.

ऑक्टोबरमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. समोरचा संघ मुंब्र्याचा. सामना संपला आणि आमची चार मुलं शेकहँडच्या रांगेत गेलीच नाहीत. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. समोरच्या मुलांना आधी कळलंच नाही, मग कळलं. त्यांचा यष्टिरक्षक, जो आदल्या वर्षी आमच्याच नेटमध्ये सरावाला यायचा, तो खाली बघत पॅड सोडत बसला.

सुहासभाऊ, तुमचं दुःख खरं आहे. सूर्याचंही खरं असेल. पण मुंब्र्याचा मुलगा पाकिस्तानी नाही, तो आपल्या पारसिकच्या डोंगराखालचा आहे. वरच्या पातळीवर जे ठरतं ते खाली येईपर्यंत त्याचा अर्थ असा होतो. मी मुलांना रांगेत उभं केलं, शेकहँड करायला लावला. दुसऱ्या दिवशी एका पालकाचा फोन: तुम्ही मुलांवर जबरदस्ती का केली? त्यांना नीट उत्तर देता आलं नाही मला, म्हणून इथे विचारतोय. एखाद्या मुलाने खरंच मनापासून निषेध म्हणून नकार दिला तर मी काय करायचं? आणि नुसती नक्कल असेल तर ती ओळखायची कशी?

वैदेही_वाशी
सर, तुम्ही बरोबर केलंत.

मुलांना हेही दाखवा: त्याच ऑक्टोबरात मलेशियात जोहोर कपमध्ये भारत-पाकिस्तानची एकवीस वर्षांखालची हॉकीची मुलं सामन्याआधी टाळी देऊन भेटली. काहीही आभाळ कोसळलं नाही.

आणि नीरज चोप्राची गोष्ट सांगा. पॅरिसला अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेकून सुवर्ण नेलं, नीरजला ८९.४५ वर रौप्य. तेव्हा नीरजची आई म्हणाली होती की तोही आमचाच मुलगा. सगळा देश हळवा झाला. नंतर बंगळुरूच्या स्पर्धेचं आमंत्रण नीरजने पहलगामच्या आधीच अर्शदला पाठवलं होतं, तर हल्ल्यानंतर लोकांनी नीरजच्या देशप्रेमावर आणि त्याच्या आईवर घसरायला कमी केलं नाही. सैन्यात असलेल्या माणसाला निवेदन काढून खुलासा करावा लागला. खेळाडूला बोलायची मुभा हवी, तशीच गप्प राहायचीही हवी, मैत्री ठेवायचीही हवी. ती कोण देणार?

खाडीकाठ
अवांतर आहे, पण इथेच बसतं.

"पूर्वी खेळ शुद्ध होता" असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबईच्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांचा इतिहास वाचावा. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, नंतर इतर, असे धर्मावर संघ. जिमखान्यावर तुफान गर्दी. पळवणकर बाळू हे त्या काळातले आपले सर्वोत्तम फिरकी गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी. ते चांभार समाजातले, म्हणून पुण्यात चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, आणि हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच नाही. १९२० मध्ये त्यावरून एवढं पेटलं की त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघ सोडला. अखेर १९२३ ला विठ्ठल कर्णधार झाले. तो निषेध मैदानाबाहेर ठेवला असता तर विठ्ठल कर्णधार झाले नसते.

गांधीजींनी १९४० मध्ये धर्मावर आधारलेल्या या सामन्यांना विरोध केला, तेव्हा क्रिकेटवाल्यांचं उत्तर काय होतं? खेळात राजकारण आणू नका! पुढे पाच-सहा वर्षांत स्पर्धा बंद पडली.

अरुणकाका_नौपाडा
अवांतरात अवांतर: हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे होते आणि हरले. त्याआधी बाबासाहेबांनीच त्यांचा गौरव केलेला होता. आता बोला, क्रिकेट कुठे संपतं आणि राजकारण कुठे सुरू होतं.

कोपरीचा_आनंद
हे माहीत नव्हतं. धागा वसूल.

तन्मय_घणसोली
नियमांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मला खरा राग तिथे आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये पर्थ कसोटीत उस्मान ख्वाजाला बुटांवर "सर्वांचं आयुष्य समान आहे" अशा अर्थाचं वाक्य लिहून खेळायचं होतं. गाझातल्या लोकांसाठी. आयसीसीने नाही म्हटलं. त्याने काळी फीत लावली, तर तंबी दिली. २०१४ मध्ये साउदम्प्टनला आपल्याविरुद्ध खेळताना मोईन अलीने गाझासाठी मनगटी पट्टे घातले, तेही काढायला लावले. आता मार्च २०१९ घ्या, रांचीचा एकदिवसीय सामना. पुलवामानंतर आपला पूर्ण संघ सैन्याच्या टोप्या घालून खेळला, आयसीसीच्या परवानगीने. मला त्या टोप्या आवडल्या होत्या. पण ख्वाजाला तेच दार बंद का? फरक एवढाच दिसतो की टोप्यांमागे सगळ्यात श्रीमंत बोर्ड होतं आणि ख्वाजामागे फक्त ख्वाजा.

ऑलिम्पिकमध्ये सनदेचा पन्नासावा नियम आहे, राजकीय निदर्शनांना बंदी घालणारा. टोकियोच्या वेळी थोडी सूट दिली, स्पर्धा सुरू होण्याआधी काही करू शकता, पण पदक घेताना नाही. पॅरिसला निर्वासितांच्या संघातल्या मनिझा तलाश या अफगाण मुलीने ब्रेकिंगमध्ये (म्हणजे ब्रेकडान्सच्या स्पर्धेत) अफगाण बायकांना मुक्त करा असं लिहिलेलं कापड पाठीवर उलगडलं. बाद केलं तिला. ज्या देशात मुलींना सहावीनंतर शाळेत जाऊ देत नाहीत, तिथल्या मुलीने नाचून दाखवलं हाच मुळात निषेध होता, तो मात्र चालला.

नेरूळकर
सगळं दोनदा वाचलं. माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येतो.

आधी एका वाक्यात म्हणालो होतो, सरकार नाही, बोर्ड नाही, खेळाडू नाही. आता या तिघांना एका रांगेत उभं करणार नाही. सरकारने आणि बोर्डाने जे करायचं ते स्वतःच्या नावाने करावं. खेळायचं नसेल तर १९७४ सारखं उघड सांगावं आणि किंमत मोजावी. खेळायचं असेल तर खेळाडूंना आपला निरोप पोचवायला वापरू नये. आणि एकट्या खेळाडूने स्वतःच्या जबाबदारीवर, कोणाला इजा न करता काही म्हटलं, तर त्याला बाद करू नये. यातलं दुसरं मला अजून थोडं जड जातंय. उद्या कोणी द्वेषाचं काही लिहून आला तर? ख्वाजाचं वाक्य आणि फरहानची बंदूक यांत मला फरक दिसतो, पण तो नियमात कसा लिहायचा ते ठरवणं कठीण आहे.

अपर्णा_ऐरोली
एक कसोटी सुचवते. आपण ज्यांच्याकडून खेळतो त्यांनाच दुखावेल असं काही बोलायची हिंमत त्यात आहे का? २००३ च्या विश्वचषकात हरारेला अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा काळ्या फिती लावून उतरले, त्यांच्याच देशात लोकशाही मरतेय म्हणून. एक गोरा, एक काळा. दोघांचं झिम्बाब्वेकडून खेळणं त्या स्पर्धेबरोबर संपलं, ओलोंगाला देश सोडावा लागला. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात कतारला इराणचा संघ इंग्लंडविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळी गप्प उभा राहिला, तेही त्याच जातीचं. आपल्याकडे २०२३ ला कुस्तीपटू विनेश, साक्षी आणि बजरंग जंतरमंतरवर बसले, तेव्हा त्यांना राजकारण करू नका म्हणणारे किती होते आठवतं ना?

समोरच्या देशाला डिवचायला फार काही लागत नाही. टाळ्या तयारच असतात.

सानपाडा_सुहास
अपर्णाताई, फ्लॉवर-ओलोंगा मान्य. पण तुमच्या कसोटीत माझे मामा बसत नाहीत. ज्याच्यावर गोळी झाडली गेली त्याने समोरच्याकडे पाठ फिरवली, तर त्याला डिवचणं म्हणू नका. सूर्याचं वागणं मी अजूनही योग्यच मानतो.

कोचसाहेब, तुमच्या त्या मुलांचं मात्र चुकलं. मुंब्र्याच्या पोरांचा यात काय संबंध? त्या पालकांना माझ्या वतीने सांगा, सीएसटीच्या माणसाचा भाचा असं म्हणतो.

मैदानकोच
सुहासभाऊ, सांगतो नक्की. तुमच्याकडून आलेलं त्यांना पटेल.

अपर्णाताई, एक विनंती. सरावानंतर मुलं अर्धा तास सावलीत बसलेली असतात. नॉर्मन आणि ओलोंगाची गोष्ट येऊन सांगाल का? खाडीकाठ, तुम्ही पळवणकरांची सांगा. मुंब्र्याच्या क्लबलाही बोलावतो, त्यांच्या सरांशी बोलणं झालंय.

अपर्णा_ऐरोली
येते. ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरून पुढे कसं यायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाडीकाठ
मीही. विठ्ठल पळवणकरांचा फोटो छापून आणतो, मुलांनी बहुतेक पाहिलेला नसेल.